ताईच्या नसलेल्या घरी

सकाळी साडेसातची वेळ आपल्या कुणाच्याही घरी कशी असते ते मी सांगायला नको. कुकरची तिसरी शिट्टी, मुलाचा न सापडणारा एक मोजा, सासूबाईंचा बिनसाखरेचा चहा. अशा वेळी नाशिकहून दाजींचा फोन वाजला, आणि माझ्या काळजात धस्स झालं. माझी थोरली बहीण गेली बारा वर्षे मल्टिपल स्क्लेरॉसिसने आजारी आहे. त्यामुळे नाशिकचा फोन अवेळी आला की मी उचलण्याआधी देव्हाऱ्याकडे बघते.

"घाबरू नकोस," दाजी म्हणाले. "तब्येत ठीक आहे. पण तुझ्या बहिणीनं जमीन घेतलीय."

"जमीन? कुठं?"

"कुठंच नाही! तेच तर सांगतोय. कॉम्प्युटरात घेतलीय. कार्डाचं बिल आलंय माझ्याकडे. तीन महिन्यांत आठ हजार सातशे रुपये. जी जमीन नाहीच, तिचं भाडं! तू एकदा बोल तिच्याशी. माझं ऐकत नाही ती."

मैत्रिणींनो, दाजींना तुम्ही खलपुरुष समजू नका बरं का. बँकेत नोकरी करून बायकोला रोज सकाळी पलंगावरून चाकाच्या खुर्चीत उचलून बसवणारा हा माणूस आहे. फिजिओथेरपीवाल्या बाईंचे पैसे, औषधे, मुलाचे इंजिनियरिंग, या सगळ्याचा मेळ घालताना आठ हजार सातशेचा आकडा बोचणारच. माझेही पहिले मत त्यांच्यासारखेच होते. म्हटले, ताईला घरी बसून बसून काहीतरी खूळ लागले आहे. आपण शहाणपणाचे चार शब्द सांगावेत.

फोनवर सांगून काही झाले नाही. ताई हल्ली फोनवर फार बोलतच नाही. "कशी आहेस?" हा प्रश्न बारा वर्षे ऐकून तिचा जीव विटला आहे. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच उलटते आणि मेंदूतल्या व पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवरचे आवरण खराब करते. विजेच्या वायरीवरचे रबर जागोजाग निघाले तर जे होईल तेच. निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. ताईचे पाय गेले, मग डावा हात मंदावला. "कशी आहेस?" चे उत्तर ती तरी रोज नवीन कुठून आणणार?

तेव्हा म्हणाली ती एवढंच : "तुला बोलायचंय ना माझ्याशी? मग माझ्या घरी ये."

"येते की दिवाळीत."

"नाशिकच्या नव्हे गं. तिकडच्या."

हे 'तिकडचे' घर म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्या शाळेत मी अर्धवेळ भूगोल शिकवते. पण नकाशावर नसलेल्या गावाबद्दल शिकण्याची माझी ही पहिलीच वेळ.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला लिंडेन लॅब नावाची कंपनी आहे. फिलिप रोझडेल नावाच्या गृहस्थांनी ती काढली आणि २३ जून २००३ रोजी तिने 'सेकंड लाइफ' नावाचे एक जग लोकांसाठी उघडले. दुसरे आयुष्य! नाव मोठे आहे खरे. हा खेळ म्हणावा तर त्यात जिंकणे-हरणे नाही, कुणाला मारायचे नाही, गुण नाहीत. आपण आपले एक रूप घ्यायचे (त्याला तिथे चक्क 'अवतार' म्हणतात, आपलाच शब्द!) आणि हिंडायचे, बोलायचे, घर बांधायचे, दुकान काढायचे, गाणे ऐकायचे. तिथे जमीन चौकोनांत मोजतात; एकेक चौकोन २५६ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. दिवस चार तासांचा. तीन तास उजेड, एक तास रात्र. नाणे तिथले स्वतःचे, लिंडेन डॉलर. साधारण अडीचशे लिंडेन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. आणि मुख्य म्हणजे डोंगर, समुद्र सोडले तर तिथली घरे, झाडे, कपडे, अगदी केसांचा अंबाडासुद्धा, बहुतेक सगळे तिथल्या माणसांनीच बनवलेले आणि एकमेकांना विकलेले.

त्यात पैसा आहे हे जगाला २००६ साली कळले. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत राहणाऱ्या आयलिन ग्राफ या शिक्षिकेने तिथे आन्शे चुंग या नावाने जमिनी घेऊन, सजवून, भाड्याने देऊन एवढी कमाई केली की अमेरिकेतल्या 'बिझनेस वीक'ने तिच्या अवताराचे चित्र मुखपृष्ठावर छापले. पुढच्या वर्षी स्वीडनने तिथे आपली वकिलात उघडली. मग सगळ्यांच्या हाती स्मार्टफोन आले, वर्तमानपत्रांना दुसरे नवल सापडले, आणि या जगाबद्दलची चर्चा विरली. जग मात्र बंद पडले नाही. माणसे तिथे राहतच राहिली. आता माझी ताई त्यांतली एक.

तर मी ठरवले, जाऊन बघायचे. (मनात हेरगिरीच होती, खोटं कशाला बोलू?)

आमच्याकडे लॅपटॉप आहे तो २०२० च्या टाळेबंदीत मुलाच्या शाळेसाठी घेतलेला, स्वस्तातला. त्यावर मी त्या जगाचा अधिकृत प्रोग्राम उतरवून घेतला. उतरवायलाच पाऊण तास गेला. उघडला तेव्हा आतला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. पडद्यावर एक नारिंगी ढग आला. तो ढग म्हणजे मी! माझे रूप तयार होईपर्यंत ढगच दिसतो म्हणे. पाऊल टाकायला बाण दाबला, तर चित्र अर्ध्या मिनिटाने हलले. दहा मिनिटांत लॅपटॉप एवढा तापला की त्यावर पापड भाजता आले असते, आणि मग तो आपोआप बंद पडला. आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाले, "काय, पोचलीस का परलोकात?"

सुटका केली ती भाच्याने. ताईचा मुलगा पुण्यात शिकतो. म्हणाला, "मावशी, तुझ्या लॅपटॉपला ते पेलणार नाही. तू ब्राउझरमधून जा. काही उतरवायला नको, काही बसवायला नको. आपण बातम्या वाचतो तसं पान उघडायचं."

हे कसे होते ते मी त्याला तीनदा विचारले आणि अखेर माझ्या पद्धतीने समजून घेतले. तुम्हालाही तसेच सांगते.

नेहमीच्या मोठ्या प्रोग्राममध्ये कंपनीकडून आपल्याला नुसता शिधा येतो. अमुक ठिकाणी भिंत, तिचा पोत असा, तमुक ठिकाणी झाड, त्याची पाने अशी. हा शिधा घेऊन चित्र रांधायचे काम आपल्या घरच्या चुलीवर, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर. चूल मोठी असेल तर पंचपक्वान्ने. माझ्यासारखी वातीची शेगडी असेल तर तांदूळ कच्चे.

ब्राउझरमधून जायचे दोन रस्ते आहेत. पहिला डब्याचा. दूर कुठेतरी मोठा कॉम्प्युटर आपल्यासाठी स्वयंपाक करतो आणि तयार चित्र सिनेमासारखे आपल्या पडद्यावर पाठवत राहतो. आपण बाण दाबला की तो निरोप तिकडे जातो, तिकडची बाहुली चालते, आणि चाललेले चित्र परत येते. आपल्याकडे चूल नसली तरी चालते. पण डबेवाला वेळेवर यायला हवा, म्हणजे इंटरनेट दमदार हवे. सिनेमा पाहताना खर्च होतो तसाच भराभर डेटाही संपतो. शिवाय तिकडचा आचारी फुकट राबत नाही. दुसरा रस्ता वरण-भाताचा. ब्राउझरच आपल्यापुरते साधे चित्र काढतो : माणसे, मोठ्या भिंती, जमीन, पाणी. पानांची सळसळ, सावल्या, झुळझुळीत पदर हे सगळे वगळून. त्याच्या बाजूला बोलण्याची चौकट, नकाशा, जवळ कोण कोण आहे त्याची यादी. गप्पा मारायच्या असतील तर एवढे पुष्कळ झाले.

हे लोकांना हवे होतेच, म्हणून प्रयत्नही जुने आहेत. २०१० साली लिंडेन लॅबने स्वतःच काही दिवस असा प्रयोग करून पाहिला. २०१४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने डब्याची सोय पैसे घेऊन सुरू केली. एप्रिल २०१५ च्या अखेरीला ती बंद झाली. २०२० मध्ये 'स्पीडलाइट' नावाचे हलके साधन आले, ब्राउझरमध्ये आणि फोनवरही चालणारे. २०२४ मध्ये लिंडेन लॅबने पुन्हा स्वतःच ब्राउझरमधून जाण्याची चाचणी घेतली, आणि फोनसाठीचे ॲपही त्याच वर्षी लोकांना वापरायला दिले. यांतले कुठले केव्हा चालू आणि केव्हा बंद असेल याचा भरवसा देता येत नाही, म्हणून मी वापरते त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

मात्र इथे एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. यांतली काही साधने मूळ कंपनीने केलेली नसतात, तिसऱ्याच कुणीतरी केलेली असतात. त्यांच्यातून आत जायचे म्हणजे आपला पासवर्ड त्यांच्या हाती द्यायचा. घराची किल्ली शेजारणीकडे ठेवतो आपण, पण कपाटाची ठेवतो का? भाच्याने मला त्यासाठी निराळे खाते काढून दिले. खाते काढायला पैसे पडत नाहीत. त्या खात्याला कुठलेच कार्ड जोडलेले नाही, आणि पासवर्ड माझ्या दुसऱ्या कशाचाच नाही. कुणी लुटले तर काय नेतील? माझी राखाडी बाहुली!

हो, राखाडीच. पान उघडले, नाव टाकले, पासवर्ड टाकला, एक वर्तुळ गरगर फिरले आणि मी एका पायरस्त्यावर उभी. अंगावर रंग भरायचा राहिलेला, केस नाहीत. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "ही कोण गं, केशवपन केल्यासारखी?" "मी आहे, सासूबाई." त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिले आणि "बरं" एवढेच म्हणाल्या.

पाच मिनिटांत एक देखणा पुरुष जवळ आला. नमस्कार-चमत्कार झाले, आणि लगेच, कुठल्या देशाची, कुठल्या शहराची, लग्न झालंय का. भाच्याने आधीच पढवून ठेवले होते. उत्तर द्यायला आपण बांधलेलो नाही. त्या माणसाच्या नावावर टिचकी मारून त्याला गप्प करता येते, मग त्याचे बोलणे आपल्याला दिसतच नाही. मी तेच केले. प्रत्यक्ष एस.टी. स्टँडवर अशी सोय असती तर!

आणखी एक सांगायला हवे. तिथल्या जागांना तीन दर्जे आहेत : जनरल, मॉडरेट आणि अडल्ट. तिसऱ्यात काय असते ते नावावरूनच कळते. तेव्हा हे जग मुलांच्या हाती खेळ म्हणून देऊ नका. आपणही सुरुवातीला पहिल्या दर्जाच्या जागा सोडून जाऊ नये.

तेवढ्यात ताईचे बोलावणे आले. पडद्यावर चौकट : 'अबोली तुम्हाला आपल्या जागी नेऊ इच्छिते.' अबोली हे तिचे तिथले नाव. मी 'हो' वर टिचकी मारली. पुन्हा ते गरगरणारे वर्तुळ. मग पाणी दिसले.

वरण-भाताचे चित्र ते, त्यात तपशील कितीसा असणार? तरीही मी ओळखले. पाण्याला उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. वर एक मोठे झाड. पलीकडून दुसरे पाणी येऊन मिळालेले.

आमचे माहेर कराडचे. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन भेटतात त्या प्रीतिसंगमावर आम्ही वाढलो. ताई तिथे पोहायला शिकली आणि तिने मला शिकवले. म्हणजे पाण्यात ढकलून दिले. लग्नानंतर ती नाशिकला गेली, मी सांगलीत आले. ताई चालत होती तोवर माहेरी गेले की आम्ही घाटावर जायचोच. नंतर नाही. खुर्ची पायऱ्या उतरत नाही.

ती पायरीवर उभी होती. उभी, मैत्रिणींनो. आणि मला बघून चालत वर आली.

मला काय लिहावे सुचेना. रोमन अक्षरांत मराठी टाइप करायचे, तेही डोळ्यांत पाणी आलेले असताना. मी लिहिले, "पायऱ्या किती?" ती म्हणाली, "जमतील तेवढ्या. दगडाचे फोटो पोराकडून मागवले, एकेक चढवायला दहा लिंडेन पडतात. तीन-चार रुपये. सगळं मी एका हातानं केलंय."

शहाणपणाचे चार शब्द मी बरोबर नेले होते, ते तसेच परत आणले.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले, आणि हळूहळू बाकीचे कळत गेले. या जगात ताईसारखी माणसे बरीच आहेत. ॲलिस क्रूगर नावाच्या अमेरिकेतल्या बाईंना हाच आजार. त्यांनी आणखी काही जणांना घेऊन २००७ च्या सुमारास 'व्हर्च्युअल ॲबिलिटी' ही संस्था उभी केली. तिचे तिथे एक बेटच आहे. अपंग माणसांना आत यायला, वावरायला, एकमेकांशी बोलायला शिकवणारे. टॉम बोलस्टॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने तर आदिवासी पाड्यात जाऊन राहावे तसे तिथे दोनेक वर्षे राहून २००८ मध्ये पुस्तक लिहिले. पुढे त्याने तिथल्या अपंग माणसांचाही अभ्यास केला. आपण ज्याला खूळ म्हणतो त्याकडे विद्यापीठातली माणसे गांभीर्याने पाहतात, हे वाचून मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

ताई म्हणते, तिथे तिला कुणी सावकाश, मोठ्याने, लहान मुलाशी बोलावे तसे बोलत नाही. सगळेच टाइप करतात, सगळेच चुकतात, सगळेच उशिरा उत्तर देतात. कुणाचा हात मंद आहे आणि कुणाच्या दुधाला उतू आलंय, समोरच्याला काय कळणार? त्यांच्या गटाच्या बैठका अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने संध्याकाळी सातला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात. तिकडच्या हिवाळ्यात साडेआठ. दाजींची डब्याची आणि बँकेची घाई नेमकी तेव्हाच, आणि ताई पडद्यात! निम्मे भांडण या घड्याळाचे होते, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते.

पण सगळेच गोड नव्हते, तेही लिहिते.

त्या आठ हजार सातशेंचा हिशेब मी ताईकडून घाटावर बसूनच घेतला. जागेचे भाडे आठवड्याला दीडशेच्या आसपास. तीन महिन्यांचे दोन हजार झाले. झाडे, कपडे, केस, खळाळणारे पाणी मिळून अडीच-तीन हजार. आणि उरलेले? बराच वेळ तिची अक्षरे उमटेनात. मग आले : "एकीला उसने दिले." तिथेच ओळख झालेली मैत्रीण. रोज भेटायची, तिचेही कुणी आजारी होते म्हणे. आठवडाभरात परत देते म्हणाली आणि दिसेनाशी झाली. नाव खोटे, गाव खोटे, बहुधा आजारही खोटा. ताईला पैशांचे वाईट वाटत होते त्याहून जास्त, आपण फसलो हे दाजींना कळेल याचे.

"तू सांगू नकोस त्यांना," ती म्हणाली.

माझी पंचाईत बघा. दाजींनी मला पाठवलेले, आणि ताईने विश्वासाने सांगितलेले. दोन दिवस मला झोप लागली नाही. शेवटी मी म्हटले, "मी सांगणार नाही. पण तूच सांग, आणि रविवारच्या आत." बहिणीला असे बजावणे सोपे नसते. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ना इथे, ना तिथे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. एकदा फिजिओथेरपीवाल्या बाईंना ताईच्या पाठीखाली लाल चट्टा दिसला. तीन-तीन तास एकाच जागी बसल्याने झालेला. ज्यांच्या अंगाला संवेदना कमी आहेत त्यांना हे कळत नाही. चट्ट्याची जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. दाजींचा संताप खरा होता तो याबद्दल. पैशांचे बोलणे सोपे म्हणून ते पैशांचे बोलले. घाटावर ती कितीही चालली तरी शरीर नाशिकच्या खुर्चीतच होते, हे मला त्या दिवशी लख्ख कळले. मी तरी एवढे दिवस तिथे बसून तिला एकदाही विचारले होते का, की कूस बदललीस का म्हणून?

आता व्यवस्था अशी आहे. ताईच्या शेजारी स्वयंपाकघरातला गजराचा टायमर असतो, केकसाठी वापरतो तो. दर वीस मिनिटांनी वाजला की अंग हलवायचे, टेकायची बाजू बदलायची. दिवसातून एकदा ती पलंगावर आडवी होऊन टॅबवर ब्राउझरमधूनच जाते. चित्र साधे दिसते, पण पाठीला विसावा मिळतो. हलक्या साधनाचा हा फायदा मला आधी सुचलाच नव्हता. मी त्याला गरिबाघरचा रस्ता समजत होते. त्यासाठी तिलाही भाच्याने बिनकार्डाचे दुसरे खाते काढून दिले. घाटाची मालकीण मोठ्या कॉम्प्युटरवर, पाहुणी टॅबवर! मालकिणीच्या खात्याला ओटीपीसारखी दुहेरी खातरजमा लावली आहे.

पैशांचे म्हणाल तर, आपल्याकडे २०२० पासून कार्डावरचे परदेशी व्यवहार आपल्याला हवे तेव्हा बंद-चालू करता येतात आणि त्यांना मर्यादाही घालता येते. बँकेच्या ॲपमध्ये ती सोय असते. दाजी स्वतः बँकेतले, पण घरच्या कार्डाला ती लावायची त्यांना सुचली नव्हती! आता महिन्याला हजार रुपयांची मर्यादा आहे. तेवढ्यात भाडे आणि वर हौस. आपण भिशीला घालतो, साडीवर मॅचिंग ब्लाऊजला घालतो, त्यापेक्षा हे जास्त नाही असे माझे मत. आमच्या ह्यांचे निराळे आहे. उसने द्यायचे नाही, हे ताईने स्वतःच आपल्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

हो, तिने दाजींना सांगितले. रविवारी नव्हे, सोमवारी. दाजी काही बोलले नाहीत म्हणे, नुसते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग आत येऊन विचारले, "त्या बाईची तक्रार करता येते का तिथं?" येते. दोघांनी मिळून केली. पैसे काही परत आले नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, किंवा मुले परदेशी असतील आणि रोजच्या व्हिडिओ कॉलमध्ये 'जेवलीस का' च्या पुढे गाडी जात नसेल, तर एकदा करून बघायला हरकत नाही. मोठा कॉम्प्युटर विकत घेऊ नका. आधी आहे त्या लॅपटॉपवर, ब्राउझरमधून, चार दिवस. जमले नाही तर पान मिटून टाकायचे. घरात काही उतरवलेले नाही, काही पुसायचे नाही. आणि शक्यतो ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन जा. आपण नव्या गावाला जाताना जातोच की.

सासूबाई आता माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. कार्तिकी पौर्णिमेला म्हणाल्या, "घाट आहे ना तुमच्या त्या गावात? मग दिवे सोडा की." ताईने दोन दिवस खपून पणत्या केल्या. पाण्यावर हलणाऱ्या. त्या संध्याकाळी मी सांगलीहून, भाचा पुण्याहून, आणि पहिल्यांदाच दाजी, बँकेतून घरी येता येता रिक्षात बसून, फोनच्या ब्राउझरमधून.

दाजींची बाहुली माझ्या पहिल्या दिवसासारखीच राखाडी, बिनकेसांची. त्यांना चालणे जमेना. पायऱ्या उतरता उतरता थांबायचे बटण सापडले नाही आणि ते सरळ पाण्यात गेले. तिथे कुणी बुडत नाही, नुसते तळाशी उभे राहते. बराच वेळ ते तसेच उभे होते आणि वरून पणत्या चालल्या होत्या.

"आता काय करू?" दाजींनी लिहिले.

"थांबा तिथंच," ताईने लिहिले. "मी येते खाली."